एका किलोचे चौदा पाउंड

बॉयलरमामांसमोर दाबाचा आकडा उच्चारायची सोय नव्हती. गाडीच्या चाकातली हवा असो, कुकर असो की कोणाचं ब्लडप्रेशर. आकडा कानावर पडला की मामांचे डोळे चमकत, अंगठा बोटांच्या पेरांवर धावू लागे आणि बघता बघता त्या आकड्याचं पाणी होऊन जाई. "आकडो रवांदे," ते म्हणत, "पाणी खंयपर्यंत जाता, तां सांग." आकडा राहू दे, पाणी कुठवर चढतं ते सांग.

मामा एका गिरणीच्या रंगखात्यात बॉयलर सांभाळायचे. गिरणी बंद झाली, बॉयलर भंगारात गेला, मामा तेवढे शिल्लक राहिले. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत ते आणि त्यांची थोरली बहीण आक्का शेजारच्याच खोलीत राहत. आमच्याकडे कुकरची शिट्टी झाली की भिंतीपलीकडून आवाज येई, "झाला एक किलो दाब! दहा मीटर! वहिनी, डाळीसाठी रोज तीन मजले पाणी चढवता तुम्ही!" माझी आई डाळ शिजवण्याकडे पराक्रम म्हणून तेव्हापासूनच पाहू लागली असावी.

किलो आणि पाउंडांवरून मी एकदा त्यांच्याशी भांडलो होतो. मामांच्या हिशेबात एका किलोचे चौदा पाउंड होत. मी शाळेत शिकलेल्या बाणेदारपणाने म्हटलं, "मामा, किलोत जेमतेम सव्वादोन पाउंड असतात." त्यांनी माझा अंगठा धरला. "किलो उभा आहे या नखाएवढ्या जागेवर. पाउंड उभा आहे टपालाच्या तिकिटाएवढ्या जागेवर. एका तिकिटावर नखं किती बसतील? साडेसहा. आता कर गुणाकार." मी केला. चौदा आले! आनंदाने मी गॅलरीभर धावलो. पुढे आयुष्यात बऱ्याच विद्वानांची व्याख्यानं ऐकली. पण नख आणि तिकीट एवढ्या साहित्यात कोणी मला गप्प केलेलं नाही.

दवाखान्यातही तेच. मी मोठा झाल्यावर डॉक्टरांनी एकदा माझा दाब मोजला. "वरचा एकशे वीस. छान." बाकावर बसलेल्या मामांची पेरं सुरू झाली. "एकशे वीस मिलिमीटर पारा, आणि तो पाण्याच्या साडेतेरापट जड. म्हणजे एक मीटर साठ. डॉक्टर, ह्याचं हृदय आक्काच्या डोक्यावरून कारंजं उडवतं!" पुढच्या माणसाचा निघाला एकशे ऐंशी. मामा ताडकन उठले. "अडीच मीटर! पोटमाळ्याला टेकलं! ह्याला आधी आत घ्या." डॉक्टर हसले, पण घेतलं त्यालाच आधी.

मग चाळ पडली आणि तिच्या जागी तेवीस मजली इमारत उभी राहिली. सोडतीत मामांना तेविसावा मजला लागला. आक्का हरखली, खिडकीतून कॉटन ग्रीनच्या गोदामांपलीकडचं पाणी दिसत होतं. मामा मात्र खिडकीतून खाली अंगणाकडे बघत होते. मला जिन्यात गाठून म्हणाले, "आग लागली तर लिफ्ट बंद. आक्काच्या गुडघ्यांना तेवीस मजले उतरता यायचे नाहीत. म्हणजे पाण्यालाच वर यावं लागेल. येईल काय रे?"

आगीच्या पंपाचं उद्घाटन थाटात झालं. मांडव, फीत, नारळ. सोसायटीच्या अध्यक्षांनी पंपाला हार घातला आणि पंपाने न मागितलेलं भाषणही केलं. मग अंगणात पाण्याची नळी उघडली आणि असा फवारा उडाला की पोरं किंचाळली, बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मामा तेवढे पंपाच्या खोलीत घड्याळासमोर उभे होते. दाबाच्या मापकाला ते घड्याळच म्हणत.

"किती लावलंय रे?" त्यांनी सुपरवायझरला विचारलं.

"नकाशात अकरा बार आहे, मामा. बार म्हणजे किलोच ना? घड्याळ पाउंडांचं आलंय, म्हणून एकशे दहा लावलं."

"किलोचे दहा पाउंड?" मामांचा आवाज चढला. "खंयच्या बाजारातून आणलंस? चौदा, मेल्या! साडेचौदाच धर! अकराचे एकशे साठ होतात. तुझे एकशे दहा म्हणजे साडेसात बार, पंचाहत्तर मीटर. इमारतच सत्तर मीटर. आक्काच्या दारात उरलं काय? तुळशीला घालण्यापुरतं!"

अध्यक्ष म्हणाले, "मामा, फवारा बघितलात ना? शुभकार्यात शंका कशाला?"

"खाली बघितला. आग खालीच लागणार असं पत्र आलंय काय तुम्हाला?"

हशा झाला. आता वर जाण्यावाचून अध्यक्षांना गत्यंतर नव्हतं. अर्धी सोसायटी लिफ्टमध्ये घुसली, उरलेली जिन्याने धावली. तेविसाव्यावर आक्का खुर्ची टाकून बसलीच होती. नळी उघडली. ती खोकली, थरथरली आणि अध्यक्षांच्या नव्या बुटांवर मान टाकून गळू लागली.

कोणी हसलं नाही. सगळे आक्काकडे बघत होते.

पंपाच्या इंजिनिअरला फोन गेला. तासाभरात तो आला, त्याने दाब तपासून एकशे साठावर बांधला. मामा खालून फोनवर ओरडले, "आक्का, बाजूक सर!" आणि नळीने अशी उसळी घेतली की धरणारे दोघे मागे सरकले! कठड्यावरून पाण्याचा पट्टा सरळ उन्हात गेला. जिन्यातून आरोळी उठली ती तळमजल्यापर्यंत पोचली. आक्का भिजून चिंब झाली होती आणि फोनमध्ये एकच शब्द ओरडत होती, "इलां! इलां!" आलं, आलं. अध्यक्षांनी फीत पुन्हा कापावी का, असं कोणीतरी विचारलं.

तेव्हापासून आमच्याकडे पंपाची चाचणी तेविसाव्यावर होते. घड्याळापाशी मामा, वर आक्का. तिने "इलां" म्हटल्याशिवाय वहीत सही नाही.

मामा गेले त्यानंतरच्या चाचणीला घड्याळापाशी मी उभा राहिलो. वरून "इलां" आलं. आवाज जरा बारीक होता. मग आक्काने विचारलं, "किती रे?"

"अकरा बार, आक्का."

"आकडो रवांदे. खंयपर्यंत?"

माझा अंगठा पेरांवर फिरला. "एकशे दहा मीटर. तुझ्याही वर तेरा मजले."

 फोनमध्ये नुसता पाण्याचा आवाज येत होता.

"मगे बंद कर आता," आक्का म्हणाली. "वर भिजतलो तो."