डोंगराची वाट

परवा टी. नगरच्या बाजारात गाडीवाल्याने पिकलेला फणस फोडला आणि त्या वासासरशी मी आमच्या जुन्या रेल्वे क्वार्टर्समध्ये पोचले.

तिथल्या एका दुपारी हे फरशीवर नकाशा पसरून मुलांना निलगिरीतली वाट दाखवत होते. दोघंही नव्या सॅक पाठीला लावूनच बसली होती.

"तिथे फणस पिकले की अस्वलं खाली उतरतात," हे म्हणाले. "म्हणून तुम्ही मध्ये चालायचं, मोठ्याने बोलत."

"आणि समोरच आलं तर, बाबा?" धाकटीने विचारलं.

"पुढे मी असेन ना!"

आम्ही सगळे हसलो. ते हसू आता आठवलं की अंगावर काटा येतो.

मुलांना नेण्याआधी वाट बघून यावी म्हणून हे एका मित्राबरोबर गेले. चहाच्या मळ्यापाशी पिल्लांसोबतची अस्वलाची मादी यांच्या अंगावर आली. मित्र वाचला. यांना घरी आणलं तेव्हा मी मुलांना जवळ येऊ दिलं नाही.

धाकटी आता यांच्या तेव्हाच्या वयाची झाली आहे. काल म्हणाली, "आई, शेवटचं एकदा बाबांचा चेहरा बघू द्यायचास गं."

बघण्यासारखा चेहरा उरलाच नव्हता, हे तिला कसं सांगू?