चंद्र फुटतो त्या रात्रीचा कप

जावईबापूंना सिनेमाचा भारी नाद. सुट्टीच्या दिवशी सासुरवाडीला जेवायला आले, की हात पुसता पुसता ते टीव्हीचा रिमोट ताब्यात घेत, आणि जावयाच्या हातातून रिमोट काढून घेण्याची या घरात कुणाची टाप नव्हती. त्या दुपारी त्यांनी एक व्हिडिओ लावला. चंद्र फुटून पृथ्वीवर कोसळतो, अशा एका सिनेमाची सध्या सगळीकडे चर्चा होती. कुण्या रिकामटेकड्यानं त्यातल्या चुका शोधून, एकापुढे एक जोडून इंटरनेटवर टाकल्या होत्या आणि लोक त्या पाहून पोट धरून हसत होते.

"आई, हे बघा, तुमचाच पिक्चर," जावईबापू म्हणाले. मुलीनं टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय दिला. त्यांना वाटलं टेबलाचाच पाय लागला. त्यांनी पाय बाजूला घेतला आणि आवाज वाढवला.

जिला ते आई म्हणत होते, तिला कामाच्या ठिकाणी सगळे जुळणीताई म्हणतात. कामाचं खरं नाव कंटिन्युइटी, पण तो शब्द लाइटवाल्यांच्या जिभेवर कधी नीट बसला नाही. सिनेमात सलग दिसतं ते खरं म्हणजे तुकड्यातुकड्यांनी, मागचं पुढे आणि पुढचं मागे करून घेतलेलं असतं. माणूस आज दार उघडतो आणि दोन महिन्यांनी घरात पाऊल टाकतो. मधल्या काळात त्याची दाढी, खिशातला पेन, ग्लासातलं पाणी, मेणबत्तीची उंची यातलं काहीही हललं तर बोंब जुळणीताईच्या नावानं. उभा जन्म तिनं डोळ्यांत तेल घालून दुसऱ्यांच्या बाह्या आणि बटणं पाहिली. काम चोख झालं तर कुणाला दिसत नाही, आणि चुकलं तर त्याचा असा व्हिडिओ निघतो.

टीव्हीवर नायिकेची जखम डाव्या भुवईवरून उजव्या भुवईवर गेली. मग लाटेत बुडालेली बस पुढच्या चौकातून सुखरूप निघाली. दवाखान्यातलं घड्याळ मागे धावलं. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा आला, गेला, पुन्हा आला. चंद्राचे तुकडे होऊन समुद्रात पडले तरी गच्चीवर टिपूर चांदणं होतं, त्यावर तर व्हिडिओवाल्यानं तोंडसुख घेतलं. जावईबापू हसून हसून लाल झाले. जुळणीताईचा नवरा आधी हसला, मग बायकोकडे पाहून गप्प झाला.

ती सोफ्याच्या कोपऱ्यात दुखरे गुडघे चोळत बसली होती. तिला राग आला नव्हता. राग यायला अंगात थोडी ताकद लागते. यातली निम्मी पापं संकलकाची होती. त्यानं प्रसंग पुढेमागे केले म्हणून घड्याळ उलटं गेलं, आणि एक दृश्य आरशातल्यासारखं फिरवून लावलं म्हणून जखम सरकली. चांदणं कॅमेरावाल्याचं, कारण मिट्ट काळोखात चित्र दिसत नाही. कुत्रे दोन होते, आणि दुसरा कुत्रा पट्टा बांधणाऱ्याला चावायचा. हे सगळं सांगता आलं असतं, पण सांगून सांगून ती थकली होती.

मग तो कप आला.

उंच इमारतीचा वरचा मजला. खिडकीशी खुर्चीत बसलेला म्हातारा. शहर रिकामं होतंय, नात न्यायला आली आहे, आणि म्हातारा जागचा हलायला तयार नाही. कप त्याच्या उजव्या हातात. नात एक वाक्य बोलते. कप त्याच्या डाव्या हातात. व्हिडिओवाल्यानं ते दोन तुकडे पुन्हा पुन्हा फिरवले आणि म्हणाला, जगबुडी आली की कंटिन्युइटीवाल्यांनाही डुलकी लागते.

"हे कसं सुटलं हो आई तुमच्या नजरेतून?" जावईबापूंनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. माणूस भाबडा होता.

"सुटलं," ती म्हणाली, आणि टेबलावरची भांडी आवरायला उठली.

ते सुटलं वगैरे काही नव्हतं. ज्याला तसं वाटतं त्यानं जुळणीताईच्या हाताखाली एक दिवस काढून पाहावा.

म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या नटाला सगळे थोरले म्हणत. थोरल्यांनी जन्मभर नोकर, पोस्टमन, न्यायाधीश आणि प्रेतं केली. एका वाक्याच्या वर त्यांच्या वाट्याला फारसं कधी आलं नाही, प्रेताला तर तेवढंही नसतं. जुळणीताईशी त्यांचा एक जुना खेळ होता. शॉटच्या आधी ते मुद्दाम काहीतरी बदलायचे. शर्टाचं बटण उघडं ठेवायचे, घड्याळ दुसऱ्या मनगटावर बांधायचे, आणि साळसूद चेहरा करून बसायचे. तिनं पकडलं तर थोरल्यांनी आपल्या थर्मासमधला चहा तिला ओतून द्यायचा, सुटलं तर तिनं ओतायचा. "पकडलं का?" एवढंच ते विचारत. इतक्या वर्षांत ओतायची पाळी तिच्यावर आली नाही. हरण्याचं थोरल्यांना काही वाटतही नसे. त्यांना एकट्यानं चहा प्यायला आवडत नसे, एवढंच त्यातलं इंगित होतं.

चंद्राचा सिनेमा म्हणजे एका रात्रीची गोष्ट, आणि ती एक रात्र टिपायला जवळजवळ वर्ष गेलं. खिडकीबाहेर हिरवा पडदा, त्यावर चिकटपट्टीची फुली, आणि त्या फुलीकडे पाहून सगळ्यांनी भेदरायचं. पंख्यापुढे कागदाचा भुगा उडवला की ती चंद्राची धूळ. कुणाच्या खांद्यावर किती धूळ आणि कुणाचे कपडे कुठवर भिजलेले, हे सांभाळताना ताईच्या नाकी नऊ आले. पण निर्मात्यानं पुढचा सिनेमाही तिलाच कबूल केला होता, आणि थोरल्यांचं नाव पहिल्यांदाच पोस्टरवर येणार होतं. म्हणून दोघं दमत होते आणि रोज येत होते.

निरोपाच्या प्रसंगाला सकाळी थोरल्यांनी कप उजव्या हातात धरला. जेवणानंतर कॅमेरा जवळ आला आणि कप डाव्या हातात गेला. ताईला वाटलं, लागले खेळायला. "थोरले, उजवा," ती म्हणाली. ते हसले. पुन्हा शॉट, पुन्हा डावा. दिग्दर्शकाच्या कपाळाला आठ्या पडल्या. नातीचं काम करणारी मुलगी रडून रडून थकली होती, आणि आता तिला पुन्हा रडावं लागणार होतं. ताईचं डोकं तडकलं.

"पुरे झाला खेळ. आम्हाला घरं आहेत," ती सगळ्यांदेखत त्यांना म्हणाली.

थोरल्यांनी मान हलवली. पुढच्या वेळी त्यांचा उजवा हात कपाकडे निघाला आणि अर्ध्या वाटेतच मांडीवर पडून राहिला. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती. मघाशी ते हसले तेही एकाच बाजूनं हसले होते, हे तिला तेव्हा आठवलं. कट म्हणायचा हक्क सेटवर एकट्या दिग्दर्शकाचा. ती कट म्हणाली, आणि इतक्या जोरात म्हणाली की पंखेवाल्यानं घाबरून पंखा बंद केला.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. तो वेळेवर हा शब्द ताईला कायमचा टोचत राहिला. कुणाला दिसत नाही ते बटण तिला दिसतं, आणि समोर माणूस कोसळत असताना तिला फक्त हात दिसला, तोही कुठला तेवढंच. वर तिनं त्यांना बोल लावला होता. याबद्दल तिनं स्वतःला माफ केलेलं नाही, आणि करेलसं दिसत नाही.

थोरल्यांची शेवटची चार वाक्यं राहिली होती. निर्मात्यानं दुसरा नट ठरवूनही टाकला. थोरल्यांचं आतापर्यंतचं सगळं काम फेकून द्यायचं आणि नव्यानं करायचं, असा बेत होता. तिकडे थोरले अंथरुणातून लेकीला रोज एकच गोष्ट विचारत होते, की माझी राहिलेली वाक्यं कधी घेणार. दिग्दर्शक माणूस बरा होता. बैठकीत तो ताईकडे वळून म्हणाला, की तू सांग, जुन्या कामाला आताचं जुळेल का. तू म्हणशील तसं करू.

जुळणार नव्हतं. चेहरा जुळणार नव्हता, आवाज जुळणार नव्हता, हात तर नाहीच. ते तसं सांगण्यासाठीच तिला पगार होता, आणि इतक्या वर्षांत तिचा शब्द कधी खोटा पडला नव्हता.

"जुळेल," ती म्हणाली.

मग तिनं आकाशपाताळ एक केलं. खुर्ची जराशी फिरवली, मांडीवर जाड पांघरूण घातलं, दिवा बाजूला घेतला, ओघळलेल्या बाजूच्या गालावर चंद्राची धूळ जास्त टाकली. जड बोलणं म्हाताऱ्याला शोभून गेलं. सगळं जुळलं, कप सोडून. नात त्याच्या हातातून कप काढून घेते, तेव्हा कप हातात असणं भाग होतं, आणि हात आता एकच होता. सकाळचा उजव्या हाताचा भाग पुन्हा घेणं शक्य नव्हतं. त्यात सगळी खिडकी होती, सगळी धूळ होती, आणि धडधाकट थोरले होते. संकलकानं पुढे विचारलं, की हे असं काय. ती म्हणाली, मी पाहिलंय, राहू दे, लोक चेहरा बघतील. लोकांनी चेहरा पाहिला. थिएटरात त्या प्रसंगाला लोक डोळे पुसत होते, हे तिनं मागच्या रांगेत बसून स्वतः पाहिलं. पण त्या लोकांनी व्हिडिओ काढले नाहीत.

व्हिडिओ पसरला तसा निर्मात्याच्या कचेरीतून फोन आला. पुढच्या सिनेमाला दुसरं माणूस घेतलंय, तुम्ही आता आराम करा, असं तिकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला. खरं सांगितलं असतं तर कदाचित काम राहिलं असतं. पण खरं एकदा तोंडातून निघालं की फिरत फिरत थोरल्यांपर्यंत गेलं असतं. आपलं काम आपल्या जोरावर टिकलं नाही, कुणीतरी खोटं बोलून ते टिकवलं, हे त्या माणसाला आता या वयात कळायला नको होतं. म्हणून जो विचारेल त्याला ती सुटलं म्हणून सांगत होती. निर्मात्याला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, आता जावयालाही सांगून झालं.

दुसऱ्या दिवशी ती थोरल्यांकडे गेली. लेकीनं दार उघडलं, बाबांना तो व्हिडिओ कुणीतरी फोनवर पाठवलाय असं दारातच हळूच सांगितलं, आणि औषधं आणायला निघून गेली. थोरले खिडकीपाशी बसले होते. पुढ्यात तोच जुना थर्मास आणि दोन कप होते.

त्यांनी तिला बसायची खूण केली. मग एकेक अक्षर ओढत विचारलं, "पकडलं... का?"

हो म्हणावं तर तिनं पाहूनही दया करून सोडलं, असा त्याचा अर्थ होता. नाही म्हणावं तर जिच्या नजरेची हे अख्खा जन्म तारीफ करत आले, ती नजर गेली असं यांच्याही तोंडावर कबूल करायचं. बाकी जगाला सांगणं सोपं होतं. यांना सांगायचं म्हणजे तिला मानणारं शेवटचं माणूसही गमवायचं.

"नाही थोरले," ती म्हणाली. "सुटलं."

"खरं?"

"खरं. दमले होते हो. तुकडे जोडताना दिसलंच नाही."

थोरल्यांनी मान हलवली. त्यांना पटलं की नाही, हे तिला चेहऱ्यावरून कळलं नाही, कारण तिची मान खाली होती. त्यांनी सवयीनं थर्मास ओढला, दोन गुडघ्यांत दाबला आणि डाव्या हातानं झाकण फिरवू लागले. झाकण जागचं हलेना. थर्मास गुडघ्यांतून घसरायला लागला. ते पुन्हा त्याला वर ओढत होते आणि पुन्हा फिरवत होते.

"द्या इकडे," ती म्हणाली. "हरले मी. हरलेल्यानं ओतायचा."

थोरल्यांनी क्षणभर थर्मास सोडला नाही. मग सोडला. तिनं झाकण उघडलं, चहा ओतला आणि कप त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी कपात डोकावून पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि चेहऱ्याची जी बाजू अजून त्यांची होती त्या बाजूनं हसले.

"कमी... ओतलास," थोरले म्हणाले.

जिंकलेला माणूस असं बोलणारच. तिनं कप काठोकाठ भरला.