कुंकू लावायचा बांबू

भवानी पेठेत आमच्या दारासमोर टॉवेल विणणारी एक शेड आहे. तिथले यंत्रमाग चालू असले की आमच्या खिडकीची काच थरथरते. गेल्या उन्हाळ्यात ती थरथरायची थांबली. शेडचा ट्रान्सफॉर्मर जळून दुरुस्तीला गेला होता. तो परत आला त्या सकाळी मी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. पेपर अर्धाच राहिला.

ट्रान्सफॉर्मर म्हणजे कपाटाहून उंच, तेलाने भरलेली राखाडी लोखंडी पेटी. हायड्रा क्रेनने ती ट्रकवरून उतरवून अंगणाच्या तोंडाशी ठेवली होती. तिथून कोपऱ्यातल्या चौथऱ्यावर न्यायची होती. ठेकेदाराने सुरक्षेसाठी एक इंजिनियर बाई पाठवल्या होत्या. वायरमनने लाइन बंद असल्याचे सांगितले, तरी त्यांनी ती तपासायला लावली आणि तारा जमिनीला जोडून घेतल्या. मग हात मागे बांधून क्रेनच्या वाटेवरून त्या एकट्याच चालत गेल्या. फरशीवर, भिंतीवर, वरच्या तारांवर त्यांची नजर थांबत होती.

"मॅडम, वाट पाठ करताय व्हय?" शेडच्या जॉबरने विचारले. माग दुरुस्त करणारा हा माणूस इथेच केस पिकवून बसला आहे.

"करते. तुम्ही कुठं उभे राहणार?"

"मी? मी खाली."

या शेडची रीत अशी, की नवे यंत्र जमिनीला टेकण्याआधी त्याच्या तळाला कुंकू लागले पाहिजे. यंत्र लटकत असताना जॉबरने वाकून त्याच्या खाली हात घालायचा. मागच्या वेळी घाईत ते राहिले, आणि ट्रान्सफॉर्मर जळाला तो त्यामुळेच, अशी त्याची खात्री होती.

"लटकत्या वजनाखाली कुणीच जाणार नाही," बाई म्हणाल्या.

"दोन मिनिटाचं काम हाय की. आजवर एक पडलं न्हाय."

"ट्रकवर असतानाच लावायचं होतं."

"तळाला कसं लागंल? उताणं करायचं व्हय ट्रान्सफॉर्मर?"

सगळे हसले. बाईही हसल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. मालकाच्या आई, ज्यांना सगळी गल्ली अव्वा म्हणते, हातात कुंकवाची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या. बाई त्यांच्याकडे वळल्या. "अव्वा, कुंकू हातानंच लागायला पाहिजे का?"

अव्वांनी विचार केला. "हाताचं काय न्हाय गं. लागाय पायजे."

बाईंनी लांब बांबू मागवला. टोकाला फडके बांधून ते ओल्या कुंकवात बुडवले. चौथऱ्यावर जाड लाकडी ओंडके रचले, म्हणजे काही सुटलेच तर वजन फार खाली येऊ नये. भोवती दोर बांधला आणि जॉबरला दोराबाहेर उभे केले.

"सगळं बघून झालं, आता कसली भीती?" तो कुरकुरला.

"मला सांगितलेलं सगळं खरं असेल तर काहीच नाही. यातलं एक जरी चुकीचं निघालं, तर त्या वेळी खाली कोण असेल, एवढंच मी बघते."

क्रेन वजन घेऊन सावकाश पुढे आली. ट्रान्सफॉर्मर ओंडक्यांच्या वर हातभर लटकत थांबला. जॉबरने बांबू आत सरकवला. तळावर लाल पट्टा उमटला. अव्वांनी हात जोडले.

त्याच क्षणी क्रेनच्या पुढच्या चाकाखालची फरशी आत गेली. आवाज फार मोठा नव्हता. क्रेन कलली, ट्रान्सफॉर्मर ओंडक्यांवर आदळून तिरका झाला. बांबू मोडला. अर्धा आत राहिला, अर्धा जॉबरच्या हातात होता. तो त्या तुटक्या टोकाकडे पाहत राहिला.

बातमीदार म्हणून अपघात मी पुष्कळ पाहिले आहेत, पण नेहमी झाल्यानंतर: रस्त्यावरची चप्पल, पांढरी चादर, नावाची खात्री करणारे फोन. इथे तो डोळ्यांसमोर झाला होता आणि त्याच्या जागेवर माणूस नव्हता. ती रिकामी जागा स्पष्ट दिसत होती. जॉबरचा हात जिथे असता, तिथे ओंडका आणि लोखंड यांच्यामध्ये बोटभरही फट उरली नव्हती.

क्रेन मागे घेतल्यावर सगळे भोकाभोवती जमले. खाली सूत रंगवायचा जुना हौद होता. त्याच्या भिंती अजून गर्द निळ्या होत्या. ऊन आत पडले तसा तो निळा रंग वर उजळत आला. त्यावर पाय देऊन आम्ही सगळेच कितीदा गेलो होतो.

"सासऱ्यांनी भरून टाकला म्हणले होते," अव्वा हळूच म्हणाल्या. त्यांनाही तो भरलेलाच माहीत होता.

बाई काठावर बसून आत पाहत होत्या. याच फरशीवरून त्या स्वतः पाहत गेल्या होत्या; त्यांचा चेहरा उतरला होता. आपले बरोबर ठरल्याचे त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत.

हौद मुरुमाने भरून, वर लोखंडी पत्रे टाकून ट्रान्सफॉर्मर पुन्हा उचलायचे ठरले. आदळलेल्या पेटीची आधी तपासणी झाली. नंतर ज्या दिवशी क्रेन आली, त्या दिवशी कुंकवाचे कुणी बाईंना विचारले नाही. जॉबर स्वतःच बांबू घेऊन दोराबाहेर उभा होता. बांबू आधीच्यापेक्षा बराच लांब होता.