राणी जाता जाता काय म्हणाली

मास्तर चित्रातल्या माणसांच्या तोंडाजवळ चुना लावायचे. रद्दीवाल्याकडून जुन्या चित्रकथा आणायचे, चुन्यात डिंक कालवायचे आणि बोटानं एकेक फुगा पांढरा करायचे. फुगा म्हणजे चित्रातली माणसं बोलतात ती जागा. मग पान वर धरून म्हणायचे, "हं, आता बोला."

असा माणूस तुम्हीही बघितला असेल. लोक त्याला येडा म्हणतात आणि त्याच्याच भोवती जमतात.

आमच्या दूध कट्ट्यावर मास्तर रोज सकाळी यायचे. मी म्हशीच्या धारा काढून पेला हातात द्यायचो. पेला तसाच राहायचा. शेजारच्या पैलवानाच्या नाकासमोर पान. "पावणं, ह्यो राजा काय म्हणत असंल?"

"आदी दूध पी म्हणतोय, गार व्हायलंय," पैलवान म्हणायचा. कट्टा हसायचा. मास्तर सगळ्यात जास्त.

माझी पोरगी त्यांच्या वर्गात, पाचवीत होती. जुन्या संस्कृत नाटकाची चित्रकथा त्यांनी लावली होती. पोरं फुग्यात आपलं बोलायची, मग मास्तर मूळ नाटकातलं वाचून दाखवायचे. पण घरी पोचायचं ते पोरांचंच. एका वकिलाच्या पोरानं जेवताना सांगितलं, राजा राणीला म्हणतो, "सर की बाजूला, म्हशी यायला लागल्यात." वकील ताटावरून उठला.

शाळेनं पालकांना बोलावलं, पोरांसकट. मी धोतर बदलून गेलो. हेडमास्तर लालबुंद. "हे अभिजात नाटक आहे, तमाशा नव्हे! उद्यापासून हे बंद, नाहीतर तुमची बदली."

"सर, आदी त्यांच्या तोंडनं बोलू द्या," मास्तर म्हणाले. "मग मूळ कान देऊन ऐकत्यात. ऐकत्यातच की."

"मग दाखवा. आत्ता, सगळ्यांसमोर."

मास्तरांनी पान वर धरलं. राणी घर सोडून निघालेली, दाराच्या चौकटीला हात, मान मागं वळलेली. फुगा पांढरा. "बोला, जाता जाता काय म्हणती ही?"

एक पोर तोंड उघडेना.  आणि माझी पोरगी उठली.

तिची आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्या सकाळी मी कट्ट्यावर होतो, घरात ही एकटी. परत आलो तर बायको भिंतीकडं तोंड करून पडलेली, गार. त्या सकाळचं पोरगी एक अक्षर बोलायची नाही. मी विचारलं, मावशीनं विचारलं. नुसती बघायची.

ती पानाकडं बघत म्हणाली, "ती म्हणती, आबांस्नी सांग, रेडकाला पाजायचं राहिलंय. च्या झाकून ठेवलाय. मी आडवी हुतो जरा."

सगळी शाळा हसली. वकील तर डोळे पुसत हसला. हेडमास्तरांनी टेबलावर हात आपटला. "राजवाड्यात रेडकू?"

घरात आबा मलाच म्हणतात. मी बाकावर बसलो, कुणाच्या तरी टोपीवर. चुलीशेजारी त्या दिवशी चहा झाकलेला होता. कुणासाठी म्हणून मी विचारलंच नाही. माती देऊन आल्यावर भांडी आवरताना मोरीत ओतला होता.

मास्तरांनी पोरीच्या पाठीवर हात ठेवला. "भले! कसं गं सुचलं तुला?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी उठलो. तिचा हात धरला आणि बाहेर पडलो. वाटेत ती आपणहून बोलायला लागली. आई काय काय म्हणाली, घाम किती आला, पदर तोंडावर कसा घेतला. मी सगळं ऐकलं. घर आलं तरी आम्ही दारातच उभे.

चित्रकथा बंद झाल्या. मास्तरांची बदली इचलकरंजीकडं झाली. दुधाची किटली सायकलला अडकवून मी तिकडं गेलो. त्यांना सांगायचं होतं. शाळेत कळलं, नोकरी सोडून गेले, पत्ता ठेवला नाही. पुढं ते वारल्याचं कुणीतरी कट्ट्यावरच बोललं. माझ्या हातातली धार चुकून बाहेर गेली.

त्यांना शेवटपर्यंत वाटत असणार, पोरीनं ते मनानं रचलं.