पायाळूची लेक

मी पहिल्यांदा घर सोडलं त्या दिवशी आमच्या दारात दोन माणसं ताटकळत उभी होती. एक टॅक्सीवाला, मला मुंबईच्या विमानतळावर नेणारा. दुसरा पिशोरचा एक शेतकरी, कमरेत वाकलेला, एक हात भिंतीला आणि दुसरा स्वतःच्या पाठीला. त्याला उसण भरली होती आणि तो तेवढ्यासाठी बसनं हिसके खात आमच्या पुंडलिकनगरच्या घरापर्यंत आला होता. मी ऑस्ट्रियाला चालले होते, गल्लीतली पहिलीच मुलगी परदेशी जाणारी, पण शेजारपाजाऱ्यांचं सगळं लक्ष त्या वाकलेल्या माणसाकडं. मला भयंकर राग आला होता.

तो आला होता माझ्या आईकडं. माझी आई पायाळू आहे, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसानं पाठीला पाय लावला की उसण उतरते, असं आमच्या भागात मानतात. आम्ही पिशोरला राहत होतो तेव्हा सकाळीच माणसं यायची, अंगणात पालथी पडायची, आणि आई पाय धुवून येऊन त्यांच्या कमरेवरून अलगद फिरवायची. ज्यांना आमच्या घरचं पाणी चालत नव्हतं, तीही पडायची. माझ्या वडिलांना, अण्णांना, हे दोन्हीकडून खुपायचं. एक तर ते बस दुरुस्त करणारे मेकॅनिक, नट-बोल्टवर विश्वास ठेवणारे. "आपल्या बापजाद्यांनी धम्म घेतला तो असल्या खुळासाठी व्हय?" असं म्हणायचे. आणि दुसरं, ते मला अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतं, "त्यांच्या पाठीला आपला पाय चालतो, अन् घशाला आपलं पाणी चालत नाय." शहरात आलो तेव्हा त्यांनी आईकडून वचन घेतलं, आता हे बंद. आईनं ते पाळलं.

तर त्या दिवशी अण्णा त्या शेतकऱ्याला म्हणाले, "काका, कोपऱ्यावर दवाखाना हाय. चला, मी नेतो." आणि खरोखरच त्याला स्कूटरवर मागं बसवून, हळूहळू, खड्डे चुकवत घेऊन गेले. टॅक्सीवाला घड्याळ बघत होता. अण्णा परतायच्या आत मला निघावं लागलं. निरोप द्यायला दारात एकटी आई. ती पाय मागं घेऊन उभी होती, जणू त्या पायांनीच काही केलं होतं.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गेले त्यांना पहिला हिवाळा सांगायची गरज नाही, आणि जे राहिले त्यांना तो सांगून कळत नाही. डोंगरांच्या कुशीतलं छोटं गाव, दुपारी चारला अंधार, आणि ऑफिसात सोमवारी सगळे एकमेकांना विचारणार, कुठल्या उतारावर गेला होतास, बर्फ कसा होता. मी कॉफीचा कप धरून हसत उभी. दुसऱ्या वर्षी माझ्या शेजारच्या टेबलावरची मार्टिना मला ओढूनच घेऊन गेली. चार-पाच वर्षांची पोरं माझ्या पायांमधून सुळकन निघून जात होती आणि मी सत्तावीस वर्षांची घोडी बसता उठता पडत होते. पण जमलं. एकदा जमलं आणि मला वेड लागलं. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, उतारावर कुणी विचारत नाही तू कुठली, किती वर्षं झाली, परत कधी जाणार. तिथं मी फक्त एक बरी स्की करणारी बाई होते. त्या देशात मी भाड्यानं राहत होते, पण उतारावर पाहुणी नव्हते.

आईला हे काही केल्या पटेना. व्हिडिओ कॉलवर माझे घसरतानाचे फोटो बघून ती म्हणाली, "आम्ही जलमभर पाय रोवून चाललो, का तर घसरू नये. अन् ही बया मुद्दाम घसरायला जाती."

मग गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात मी पडले. कडक झालेल्या बर्फावर थेट बुडावर आपटले. उठले, हसले, घरी आले. सकाळी मोजा घालायला वाकले आणि पाठीत काहीतरी सुटलं. स्वयंपाकघराच्या फरशीवर पडून मी टेबलाची खालची बाजू बघत राहिले, ओरडताही येईना. ऑफिसला का आले नाही म्हणून मार्टिना आली, तिनं अॅम्ब्युलन्स बोलावली. मणक्यातली गादी सरकली होती आणि नस दाबली गेली होती. डाव्या पायाची बोटं बधिर. डॉक्टर म्हणाले, आत्ता शस्त्रक्रिया नको, विश्रांती आणि व्यायाम, वेळ लागेल. गादी बरीच वर्षं झिजत आली होती, हेही ते म्हणाले. पण घरच्यांनी तेवढं वाक्य ऐकलंच नाही. त्यांच्या लेखी दोषी एकच, बर्फ.

थोडं चालता यायला लागल्यावर मी लांब रजा घेऊन घरी आले. गेले तेव्हा औरंगाबाद होतं, आता पाट्यांवर संभाजीनगर. विमानतळावर मला व्हीलचेअरवरून बाहेर आणलं. अण्णा तोंड फिरवून सामान मोजत बसले. सामान काय, एकच बॅग होती.

पहिल्याच आठवड्यातली दुपार. मी पलंगावर कुशीवर पडलेले. न्हाणीघरात पाण्याचा आवाज झाला आणि आई आत आली. फरशीवर तिच्या एकाच पायाचे ओले ठसे उमटत होते. इतक्या वर्षांनी. ती पलंगाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पालथी हो, संगे."

मी जवळजवळ किंचाळलेच. "आई, नस दाबलीय! पाय कायमचा गेला म्हणजे?"

"मी काय नाचणार हाय व्हय तुझ्यावर?"

"नको म्हटलं ना!"

ती तशीच मागं फिरली. अण्णा बाहेरच्या खोलीत होते, त्यांनी सगळं ऐकलं असणार. त्यांच्या बाजूनं निकाल लागला होता, पण ते आत आले नाहीत. फरशीवरचे ठसे वाळून जाईपर्यंत मी बघत राहिले. मी चुकीचं काही बोलले नव्हते, आजही तेच बोलेन. तरी रडू आलं.

पुढचे महिने वाईट होते, उगाच गोड करून सांगत नाही. शिंक आली तरी भीती वाटायची. उस्मानपुऱ्यातून फिरदौस नावाची फिजिओथेरपिस्ट यायची, माझ्याहून लहान, आवाज मात्र हेडमास्तरणीचा. "दीदी, कमर नको झुकाओ, घुटने मोडो," असं रोज दटावायची. तिनं मोबाइलवर स्कीइंगचे व्हिडिओ बघितले, कपाळाला हात लावला, आणि मग भिंतीला पाठ टेकून गुडघ्यांत बसायचे व्यायाम वाढवले. पाठ सुधारत गेली, भीती नाही. बधिर बोटं हलकेच जागी झाली, एक करंगळी सोडून.

आणि मी बरी व्हायला लागले तशी घरात दुसरीच गोष्ट सुरू झाली. आता इथंच ऱ्हा. वाळूजला काय कंपन्या कमी हायेत? मावश्या बोलल्या, शेजारी बोलले. मी म्हणाले, मी परत जाणार आणि परत स्कीसुद्धा करणार. आई तेव्हा ताटात भाकरी वाढत होती. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तिथं पडलीस तर उचलायला कोण हाय?"

मला चिडून काहीतरी बोलायचं होतं. मार्टिना आहे, अॅम्ब्युलन्स आहे, विमा आहे. पण ती ते विचारत नव्हती. मी फरशीवर पडून टेबलाची खालची बाजू बघत होते ती सकाळ मी तिला कधीच सांगितली नव्हती, तरी तिनं नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं. खरं सांगायचं तर तोवर मीही डळमळले होते. राजीनामा द्यावा, वाळूजला नोकरी धरावी, पाठीला जपत जगावं. यात काय वाईट? फक्त मग जन्मभर मी मोज्याला भिऊन राहिले असते. ते मला सोसलं नसतं.

निघायचा दिवस आला. पुन्हा टॅक्सी दारात, मुंबईलाच जाणारी. बॅगा अण्णांनी मला उचलू दिल्या नाहीत. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, तशीच, पाय मागं घेऊन. दहा वर्षांपूर्वीची ती बाई मला तिच्यात लख्ख दिसली. मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, "आई, पाय लाव."

तिनं पटकन अण्णांकडं पाहिलं. मीही पाहिलं. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"टॅक्सी आली का बघतो," ते म्हणाले आणि बाहेर गेले. जाताना दार ओढून घेतलं. टॅक्सी केव्हाची फाटकाशी हॉर्न वाजवत होती.

मी सतरंजीवर पालथी झाले. न्हाणीघरात पाणी वाजलं. मग कमरेवर गार, ओला तळवा टेकला, आणि मला कळलं की त्याला वजनच नाही. मी मान वळवून पाहिलं. पासष्टीची माझी आई, गुडघे दुखणारी, भिंतीला हात लावून एका पायावर उभी होती. सगळा भार तिनं त्या पायावर तोलून धरला होता, तो पाय थरथरत होता, आणि दुसरा माझ्या पाठीवरून फुलासारखा फिरत होता.

"दुखतंय?"

"नाही."

"मंग जाय आता. घसर कुठं घसरायचं ते."

माझा पायाळूवर विश्वास नाही. मला बरं केलं ते डॉक्टरांनी, फिरदौसनं आणि माझ्या घामानं. हे लिहून ठेवते, नाहीतर अण्णा रागावतील.

यंदाचा बर्फ पडल्यावर मी मार्टिनाबरोबर गेले, पोरांच्या सोप्या उतारावर. वर उभी राहून इतका वेळ घालवला की मार्टिना एकदा खाली जाऊन परत आली. मग गुडघे मोडले आणि निघाले. पहिलं वळण, दुसरं वळण, वारा तोंडावर, आणि मी हसतेय की रडतेय ते गॉगलमुळं कुणाला दिसलं नाही. खालच्या टोकाला, अगदी सपाटीवर, वेंधळ्यासारखी पडले. पाठीवर. हलले नाही. कळ येईल म्हणून वाट बघत राहिले. जॅकेट वर सरकलं होतं, कमरेला बर्फाचा गारवा लागला, आणि मला आमची फरशी आठवली, तो ओला पाय आठवला. कळ आली नाही. घर कुठं, असं मला इतकी वर्षं लोक विचारत आले आणि मी कधी या गावाचं, कधी त्या शहराचं नाव सांगत आले. आता विचारलं तर मला भिंतीला हात लावून एका पायावर उभी असलेली आई दिसते. ती आहे तोवर मी कुठंही पडायला मोकळी आहे, आणि ती नसेल तेव्हाचा विचार मला करवत नाही.

तिथूनच घरी फोन लावला. अण्णांनी उचलला.

"पडलीस?" त्यांनी थेट विचारलं.

"पडले."

"उठलीस?"

"उठले."

फोनपासून त्यांचा आवाज लांब गेला. ते आईला हाक मारून सांगत होते, "उठली गं पोरगी! तुझा पाय लागू पडला म्हण!"

टॅक्सी आली का बघायला गेलेला माणूस हे सांगत होता.