लिनक्सवर केलेला अल्बम

कोल्हापूरच्या त्या लॅबवर माझा राग अजून आहे, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. मालवणात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे अल्बम चिकटवायचे दिवस संपले होते. आता ते पुस्तकासारखे छापून येत. लॅबचा नियम असा, की पानं त्यांनी दिलेल्या सीडीतल्या सॉफ्टवेअरमध्येच जुळवायची. आणि ते सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणार.

माझ्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. हौस म्हणून नव्हे. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसने माझी दोन लग्नं गिळली होती. नवरीच्या बापासमोर उभं राहून ‘फोटो गेले’ म्हणायची पाळी ज्याच्यावर आली असेल, त्यालाच कळेल मी विंडोज का काढून टाकलं ते. लॅबमधल्या माणसाला मी फोनवर हे सगळं सांगितलं. पानं मीच तयार करून साध्या फोटोंच्या फाइली पाठवतो, तुम्ही फक्त छापा, म्हटलं. ते आमच्या सिस्टीममध्ये बसत नाही, म्हणाला. वर मलाच विचारलं, लिनक्स कशाला घेतलंत? जसा काही मी घरात अजगर पाळला होता.

घाई होती ती आमच्या वाडीतल्या एका मुलीची. तिची आई बंदरावर मासे विकायची. मी तिला मावशी म्हणायचो. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलीचं लग्न झालं, जावई मस्कतला नोकरीला, आणि तीन आठवड्यांत मुलगी त्याच्याबरोबर निघणार होती. मावशीचं मागणं एकच होतं, अल्बम पोरीच्या बॅगेतून जायला हवा.

“थंय तिका आपला असा कोण आसा रे?” ती म्हणाली होती.

मग मी हट्टाला पेटलो. वाईन नावाचा एक प्रोग्राम असतो. तो विंडोजच्या सॉफ्टवेअरला भासवतो की बाबा, तू विंडोजवरच आहेस. तो उतरवून घेतला. लॅबची सीडी घातली की सगळं सुरळीत सुरू व्हायचं आणि अगदी शेवटाला येऊन मान टाकायचं. दहा दिवस मी इंटरनेटवर अनोळखी लोकांना विचारत होतो, हे पुसत होतो, ते घालत होतो. स्टुडिओत पासपोर्ट फोटोसाठी आलेल्यांवर उगाच खेकसत होतो. अकराव्या दिवशी ते चालू झालं. मी शेजारच्या चहावाल्याला हाक मारून पडदा दाखवला. त्याला त्यात काय कळणार, पण ‘बरा झाला’ म्हणाला.

खोट एकच राहिली. फोटो चौकटीत कसा बसतो ते बघायची जी खिडकी होती, ती उघडली की नुसती काळी दिसायची. सॉफ्टवेअर फोटो आपोआप बसवत होतंच. म्हटलं, बसवू दे, आता आणखी दहा दिवस कुठून आणू? पानं भरली, सीडी केली आणि फोंडाघाटमार्गे जाणाऱ्या एसटीने पार्सल धाडलं.

दोन दिवसांनी लॅबवाल्याचा फोन आला, फाइल मिळाली म्हणून. मी सहज विचारलं, तुम्ही हिचं पुढे काय करता? तो तितक्याच सहज म्हणाला, काही नाही, आधी साध्या फोटोंच्या फाइली करून घेतो आणि मग छापतो. फोन ठेवल्यावर मी जे बोललो ते चहावाल्याने ऐकलं. त्यानंतर दोन दिवस त्याने मला चहा विचारला नाही.

मुलगी दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार आणि अल्बम आदल्या दुपारी आला. तसाच घेऊन मी मावशीच्या घरी गेलो. बॅगा भरून ओळीने ठेवल्या होत्या. मुलीने घरापुढच्या खळ्यात बसून एकेक पान उलटलं. शेवटपर्यंत गेली आणि परत पहिल्यापासून बघायला लागली.

“ह्येच्यात आये खंय आसा?”

आमच्याकडे विधवा आई मुलीच्या लग्नात पुढे येत नाही. कन्यादान काका-काकींनी केलं होतं. मावशी दिवसभर मांडवाच्या खांबाला धरून होती, त्यामुळे प्रत्येक फोटोत अगदी कडेला. सॉफ्टवेअरने लांबट चौकटीत बसवताना सगळ्या फोटोंच्या कडा छाटल्या होत्या. एका पानावर तिचं कोपर तेवढं उरलं होतं.

मी लॅबला शिव्या घातल्या. ती काळी खिडकी, तो आडमुठा नियम, सगळं तावातावाने सांगत सुटलो. मुलगी मान खाली घालून ते कोपर असलेलं पान धरून बसली होती. मावशीने माझं सगळं ऐकून घेतलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

“त्या लॅबवाल्याचो काय दोष? लग्नात तूच सांगलंस मा, मावशे, जरा बाजूक ऱ्हव म्हणान.”

सांगितलं होतं. कॅमेऱ्याला डोळा लावून, एकदा नव्हे, सहा-सात वेळा.