दसऱ्याचा काळा रंग

"धक्का मारायला लागला, तर ही गाडी विंचूरलाच भंगारात देईन आणि एसटीने परत येईन," मॅडम म्हणाल्या.

त्यांच्या यजमानांनी, मेजरसाहेबांनी, माझ्याकडे पाहिलं. तोफखान्यातून रिटायर झालेला माणूस, पण त्या जुन्या इंग्रजी गाडीवर जीव. रविवारी मॅडमच्या बहिणीकडे विंचूरला जायचं होतं. आज शुक्रवार, आणि आठवड्यात बॅटरी तिसऱ्यांदा उतरलेली.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी नाशिकचा ऑटो इलेक्ट्रिशियन. नुकताच डिजिटल मल्टिमीटर घेतला होता. देवळाली कॅम्पात तो गळ्यात अडकवून जायचो, म्हणजे लोकांना डॉक्टर आल्यासारखं वाटावं.

जुन्या गाडीत इंजिन चाललं की डायनॅमो वीज तयार करतो. ती बॅटरीत कधी आणि किती भरायची, ते रेग्युलेटर ठरवतो. डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला म्हणजे चार्जिंग सुरू. आमचा विझत नव्हता.

आधी डायनॅमोचे झिजणारे कार्बन ब्रश बदलले. मग डायनॅमो उतरवून दुकानात तपासला. ठणठणीत. मग रेग्युलेटरवर ठपका ठेवला, ओळखीतून दुसरा मिळवून बसवला. दिवा तसाच.

"इंग्रजांचं वायरिंग फार किचकट असतं, साहेब," मी मीटरकडे बघत म्हणालो.

"पण हे सुरू कधी झालं?" मॅडमनी विचारलं.

"दसऱ्यानंतर," मी म्हणालो.

"दसऱ्याला काय केलंत?"

"पूजा."

"आणि?"

आणि रंग. खंडेनवमीला मेजरसाहेबांना बॉनेटखालीसुद्धा चकाचक हवं होतं. मी हौसेने रेग्युलेटर सोडवून त्याच्या मागच्या पत्र्यावर काळ्या ऑइलपेंटचे दोन हात मारले होते. रेग्युलेटरची अर्थ वायर, म्हणजे विजेची परतीची वाट, तिथेच पत्र्याला स्क्रूने आवळलेली असते. मी ती रंगावर आवळली. रंगातून वीज जात नाही, हे मी शिकाऊ पोरांना नेहमी सांगतो. मीटरची काळी वायर दर वेळी थेट बॅटरीला लावत होतो, त्यामुळे ती तुटलेली वाट मीटरलाही दिसली नाही.

स्क्रू काढला, पॉलिश पेपरने रुपयाएवढा पत्रा उघडा केला, वायर आवळली. गाडी सुरू करून जरा रेस केली. लाल दिवा विझला.

"काय होतं?" मेजरसाहेबांनी विचारलं.

"अर्थ नव्हता," मी म्हणालो. तो कोणी घालवला, ते मॅडमच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

रविवारी गाडी विंचूरला जाऊन धक्क्याविना परत आली. तेव्हापासून बिघडलेल्या गाडीला मीटर लावण्याआधी मी एकच विचारतो: शेवटचा हात कोणी लावला? बऱ्याचदा उत्तर माझ्याच दुकानात सापडतं.

पुढच्या दसऱ्याला पूजेला मलाच बोलावलं. हळदकुंकू वाहू दिलं, झेंडूचा हार घालू दिला. रंगाचा डबा मात्र मॅडमनी फाटकातच काढून घेतला.